शनिवारची खोली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची खोली आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला स्वस्थ बसता येत नाही. ऊन आलं की मी फुगते. ढग आला की आकसते. फुगताना 'ठक्' करते, आकसताना 'कट्' करते. आत्ताही तुमच्याशी बोलता बोलता माझ्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी सरकलं. ऐकलंत का? नसेल ऐकलं तर थोड्या वेळाने ऐकाल. दिवसातून शंभरदा होतं ते. माझा सांगाडाच प्लॅस्टिकचा, त्याला मी तरी काय करणार!

इकडची माणसं मला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. एवढं लांबलचक नाव कुणी घेतलं की मला वाटतं, दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतायत. कमरेएवढ्या विटांवर मी उभी आहे. तीन बाजूंनी काच, चौथ्या बाजूला घराची भिंत, आणि वर पांढऱ्या पोकळ प्लॅस्टिकचं छत. विलायतेत, बार्न्स्लीच्या बाजूला, एक कोळशाचं खाणगाव आहे. खाण कधीच बंद पडली, गाव राहिलं. त्या गावातल्या एका विटांच्या घराला मी मागून जोडलेली आहे. सत्तावीस वर्षं झाली.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या करवतीने तिरक्या कापल्या, त्यांची टोकं तापलेल्या तव्यावर टेकवून मऊ केली आणि एकमेकींवर दाबून धरली. झाला एक कोपरा. असे पुष्कळ कोपरे. पोटात लोखंडी पट्ट्या घातल्या, कडांना काळं रबर लावलं. मी तेव्हापासूनच चुळबुळी. थंड होताना पहिल्यांदा 'कट्' केलं, तेव्हा शेजारचा कामगार दचकून मागे सरकला होता. मग जाड कापडात गुंडाळून, ट्रकमध्ये आडवी पडून मी या घरी आले. नोव्हेंबर होता, पाऊस तिरका लागत होता, आणि दाराशी मेव्हिस छत्री न घेताच उभी होती.

मला मागवलं ते मेव्हिसने. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सारं आयुष्य पोरांना जेवू घातलं होतं. नुकतीच निवृत्त झाली होती, आणि तिला एकच गोष्ट हवी होती. शनिवारी दुपारी आपल्याच घराच्या मागे, उन्हात बसायचं होतं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? खुर्ची टाकायची अंगणात आणि बसायचं. अहो, तेच तर जमत नव्हतं! एकोणचाळीस वर्षं जमलं नव्हतं.

कारण होता विल्फ. विल्फ म्हणजे मेव्हिसचा नवरा. खाणीत तीस वर्षं काढलेला माणूस. जमिनीखालून वर आला की मान वर करून आकाशाकडेच बघत बसायचा. त्याला शर्यतीच्या कबुतरांचं वेड होतं. अंगणाच्या टोकाला त्याची हिरवी रंगवलेली लाकडी ढाबळ होती, आणि ती ढाबळ म्हणजे त्याचं देऊळ. त्या खाणगावांत निम्म्या घरांत हेच चालायचं.

शर्यत अशी असते, मित्रांनो. सगळ्यांची कबुतरं पेट्यांत भरून लांब नेतात, कधी कधी पार समुद्रापलीकडे फ्रान्सात, आणि शनिवारी सकाळी सोडतात. ती आपापल्या घरी उडत येतात. पण नुसतं घरी येऊन भागत नाही. कबुतराने ढाबळीत शिरायला हवं. मग त्याच्या पायातलं रबरी कडं काढायचं, शर्यतीच्या घड्याळाच्या डब्यात टाकायचं आणि खट्कन दांडा दाबायचा. तो दांडा दाबला त्या क्षणाला कबूतर आलं असं धरतात. तोवर ते छपरावर बसून ऐटीत पिसं साफ करत असेल तर तो वेळ फुकट गेला. शेजारच्याने आपलं कडं टाकलं की बसा हात चोळत.

म्हणून एप्रिल ते सप्टेंबर, दर शनिवारी, त्या गल्लीतल्या मागच्या अंगणांत कुणी हलायचं नाही. दोरीवर कपडे नाहीत. पोरांचा चेंडू नाही. खुर्ची नाही, झाडू नाही, खिडकी उघडणंही नाही. कबूतर बुजतं म्हणे. मेव्हिसने लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून हे पाळलं. एकदाच चुकली. त्या शनिवारी पाऊस आला म्हणून दोरीवर राहिलेली चादर ओढायला धावली. चादर वाऱ्यावर फडफडली, कबूतर उतरता उतरता उलटं वर गेलं आणि नऊ मिनिटं घिरट्या घालत राहिलं. विल्फ बुधवारपर्यंत तिच्याशी बोलला नाही. आणि बोलला तेव्हा काय बोलला? "मीठ दे." एवढंच.

तर एके दिवशी जेवताना मेव्हिस म्हणाली, "विल्फ, मला मागच्या बाजूला काचेची खोली बांधायचीय."

"कशाला?"

"शनिवारी बसायला."

"घरात खुर्च्या कमी पडल्या का?"

"खुर्च्या आहेत रे, ऊन नाही."

"आणि माझी कबुतरं?"

"तुझी कबुतरं बाहेर, मी आत. मध्ये काच. मी अंगणात पाऊलसुद्धा टाकणार नाही. मग तर झालं?"

विल्फने बटाटा चिरडून रश्श्यात कालवला. मग म्हणाला, "छत पांढरं घ्यायचं. आरपार दिसणारं नको. आणि हिवाळ्यातच उरकायचं, म्हणजे शर्यती सुरू होईपर्यंत पाखरांना सवय होईल."

हे सगळं मला नंतर कळलं. मेव्हिसच्या मुलीने, लोरेनने, माझ्यात बसून मैत्रिणीला हसत हसत सांगितलं होतं.

मला बसवायला एक बुटका माणूस आला. हात असे तरबेज, की बघत राहावं. त्याने मला घराच्या भिंतीला भिडवली, पण अगदी चिकटवली नाही. सगळीकडे बोटभर फट ठेवली आणि त्यात रबरासारखा मऊ लेप भरला. विल्फ मागे हात बांधून उभा होताच.

"ही भेग कसली ठेवलीस?"

"भेग नाही काका, मुद्दाम सोडलीय. प्लॅस्टिक आहे. ते हलणारच. त्याला हलायला जागा नसेल तर तडकतं."

मेव्हिस चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "किती जागा लागते?"

"बोटभर. जास्त नाही."

"एवढीच?" ती म्हणाली, आणि आपली करंगळी त्या फटीला लावून बघितली.

मला त्या बाईचा तेव्हाच लळा लागला.

आता विल्फची चूक सांगते. कबूतरवाला सोडून दुसरा कुणी ही चूक करणारच नाही. कबुतरांना माझी भीती वाटू नये म्हणून त्याने फर्मान काढलं, की फेब्रुवारीभर रोज सकाळी माझ्या छतावर शेंगदाणे टाकायचे. कबुतरांना शेंगदाणे म्हणजे पोरांना पेढे. पण थंडीत विल्फची छाती भरायची, खाणीची धूळ होती ना तिच्यात. मग स्टुलावर कोण चढणार? मेव्हिस. रोज सकाळी घरातल्या गाऊनवर कोट चढवून ती यायची, स्टुलावर उभी राहायची, माझ्या छतावर शेंगदाणे पसरायची आणि कबुतरांशी गप्पा मारायची.

"ये गं निळे. तू आधी. तो ठिपक्या बघ कसा हावरटासारखा करतोय. अरे, सगळ्यांना मिळणार, ढकलाढकली कशाला?"

निळी ही विल्फची सगळ्यात लाडकी मादी. राखाडी-निळी, मानेवर हिरवी झाक. तिचे पाय माझ्या छतावर टप् टप् वाजायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या. मी 'कट्' केलं तरी ती उडायची नाही. महिनाभरात तिला माझी सवय झाली. सवय कसली, तिला मी आवडायलाच लागले! हे कबुतराच्या शर्यतीत किती महाग पडू शकतं, हे विल्फच्या डोक्यात आलं नाही. चाळीस वर्षं कबुतरं पाळलेला माणूस, आणि हे सुचलं नाही.

एप्रिल आला. पहिला शनिवार. मेव्हिसने सकाळीच माझी काच पुसली, वेताची खुर्ची आणून ठेवली, खिडकीत लाल फुलांची कुंडी ठेवली. दुपारी चहाचा कप घेऊन ती येऊन बसली आणि तिने चेहरा उन्हाकडे केला. काय सांगू तुम्हाला! मला इतका आनंद झाला की मी लागोपाठ तीनदा वाजले.

तेवढ्यात विल्फने बाहेरून काचेवर टकटक केली.

"ती कुंडी काढ. लाल रंग डोळ्यांत भरतो."

तिने कुंडी काढली.

"आणि चमचा ढवळू नकोस. चमकतो."

"बिनसाखरेचा पिऊ का?"

"आधीच साखर घालून आण की! मी काय चहा बंद कर म्हणतोय?"

पुढच्या शनिवारी वर्तमानपत्र बंद झालं, कारण पान उलटताना पांढरं हलतं. त्याच्या पुढच्या शनिवारी विणकाम बंद. मग दार बंद ठेवायचा हुकूम आला, कारण वाऱ्याने काचेचं दार हललं की उन्हाची तिरीप ढाबळीवर पडते. मे महिन्यापर्यंत अशी वेळ आली की मेव्हिस माझ्यात दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखी बसायची. ऊन मिळालं खरं. पण हलायचं नाही!

मी मात्र हलत होते. मला कोण अडवणार? दर ढगाला माझं ठक्, कट्, ठक् चालूच. विल्फचा तिळपापड व्हायचा.

"मेव्हिस! काय वाजवतेस?"

"मी नाही, खोली वाजतेय."

"तिला गप्प बसव."

"कसं बसवू? अंगाई म्हणू?"

जूनच्या एका सोमवारी मेव्हिस बाजारात गेली असताना विल्फ छिन्नी घेऊन आला. माझ्या आणि भिंतीच्या मधला तो मऊ लेप त्याने सगळा खरवडून काढला आणि त्या फटीत सिमेंट-वाळू ठासून भरली. वरपासून खालपर्यंत. थापीने छान गुळगुळीत केली. "आता वाज," तो मला म्हणाला.

मित्रांनो, मी वाजले नाही. वाजायला सरकावं लागतं, आणि सरकायला जागाच नव्हती. ऊन आलं की मी फुगायची, भिंतीला टेकायची आणि तिथेच अडकायची. सगळं अंग ताणलेलं. मला रडू येत होतं, पण आवाज निघत नव्हता. विल्फ खूश. आता माझ्यात दोघी गप्प बसून असायच्या, एक खुर्चीवर आणि एक खुर्चीभोवती.

मग जुलैतला तो शनिवार आला. वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत, फ्रान्सातून. विल्फ तीस वर्षं या शर्यतीचा चषक मागत होता आणि तीस वर्षं तो दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात जात होता. या वर्षी त्याने निळीला पाठवलं होतं. आणि उकाडा असा, की इतका त्या गावाने कधी पाहिला नव्हता. माझ्या आत तर भट्टी पेटली होती. दार बंद, खिडक्या बंद, पडदा नाही. दोन वाजल्यापासून मेव्हिस खुर्चीत बसली होती. तिच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर येत होता, आणि तो पुसायला ती हात उचलत नव्हती. तिला आत स्वयंपाकघरात जाऊन बसता आलं असतं. पण मग काय उरलं? इतकी वर्षं तिथेच तर बसत आली होती. तिची खोली होती मी, ती का सोडेल?

सव्वाचारला विल्फ ताठ झाला. दक्षिणेकडून एक ठिपका येत होता. एकटाच. गल्लीत दुसऱ्या कुणाचंच पाखरू आलं नव्हतं.

"निळीच आहे," विल्फ कुजबुजला. "माझी निळीच आहे ही."

निळी आली. पंख आवळून सरळ खाली आली, अंगणावरून एक वळसा घेतला, ढाबळीकडे वळली... आणि माझ्या छतावर येऊन बसली.

टप्. टप्. मला तिचे पाय ओळखू आले. अरे देवा, मी म्हटलं, इथे नको गं बाई, आज नको! तिकडे जा!

ती कशाची जाते! दमली होती, घरी आली होती, आणि घरी शेंगदाणे कुठे मिळतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. विल्फ दाण्यांचा डबा खळखळवत ढाबळीजवळ उभा राहिला. "ये, ये, ये, ये." निळीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या छतावर चोच मारली. एक मिनिट गेलं. दोन गेली. विल्फचा चेहरा चुन्यासारखा झाला. तो काचेतून मेव्हिसकडे बघून ओठांनीच म्हणाला, "हलू नकोस."

ती हलली नाही. तीन मिनिटं. चार. छतावर पाखरू, खाली बाई, मध्ये मी. तिघींचा जीव टांगणीला. ऊन माझ्या हाडांपर्यंत पोचलं होतं. मी फुगत होते, फुगत होते, सिमेंटला रेटत होते आणि सिमेंट तसूभरही हटत नव्हतं. आणि मग मला सहन झालं नाही.

तडाक्!

भिंतीजवळची माझी काच वरपासून खालपर्यंत उभी तडकली. गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. निळी वीतभर उडाली आणि पुन्हा तिथेच बसली.

"मेव्हिस!" विल्फ दात खात दबक्या आवाजात म्हणाला. "हलू नकोस म्हटलं ना!"

मेव्हिसने तडकलेल्या काचेकडे पाहिलं. मग त्या गुळगुळीत सिमेंटकडे पाहिलं. मला वाटतं, ते तिला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. तिने करंगळी तिथे लावून बघितली. करंगळी शिरायला जागा नव्हती.

ती उठली. खुर्ची मागे करकरली. तिने दार सताड उघडलं आणि सरळ अंगणात पाऊल टाकलं. शनिवारी! सव्वाचार वाजता!

"ही तडकली, विल्फ," ती म्हणाली. कुजबुजून नाही, चांगल्या मोठ्या आवाजात. "आता मी तडकायची वाट बघतोयस का?"

"अगं आत जा! पाखरू बुजेल! तुझ्या पाया पडतो, आत जा!"

"बुजू दे. एकोणचाळीस वर्षं मी बुजलेय, आज तिला बुजू दे."

आणि पदराला... नाही, पदर कुठला, ॲप्रनला हात पुसत ती अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. विल्फने डोळे मिटून घेतले. त्याला ते बघवेना.

छतावरून पाय निसटले. निळी उडाली. पण वर नाही गेली, मित्रांनो. ती सरळ खाली आली आणि मेव्हिसच्या पायाशी उतरली. पायाशी! आणि लागली मागे मागे चालायला, टुकूटुकू.

"काय गं निळे," मेव्हिस म्हणाली, "आज उशीर केलास. चल, आत चल." ती ढाबळीकडे चालायला लागली. निळी तिच्या मागून. मेव्हिस ढाबळीच्या दारातल्या उतरायच्या फळीजवळ थांबली, निळी फळीवर चढली आणि आत गेली.

विल्फ तसाच डबा धरून उभा.

"डोळे उघड आणि कडं काढ," मेव्हिस म्हणाली. "आता तरी हल!"

खट्कन घड्याळ वाजलं.

विल्फ दुसरा आला. चषक गल्लीच्या टोकाच्या घरी गेला, दोन मिनिटांच्या फरकाने. निळी माझ्या छतावर किती मिनिटं बसली होती, याचा हिशेब कुणीही करू शकलं असतं. रात्री जेवताना विल्फने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "ती तुला ओळखते."

"फेब्रुवारीभर तिच्याशी कोण बोलत होतं?"

"म्हणजे तू बाहेर असतीस तर..."

"तर काही झालं नसतं. कधीच काही झालं नसतं, विल्फ. त्या चादरीमुळे पाखरू बुजलं होतं. माझ्यामुळे नाही."

विल्फला खोकला आला. बराच वेळ खोकला. नंतर तो फक्त "एवढी वर्षं" असं म्हणाला. मेव्हिसलाही त्याची कीव आली असावी, कारण तिने त्याच्या बशीत आणखी एक बटाटा वाढला.

रविवारी सकाळी तो छिन्नी घेऊन माझ्याकडे आला. सगळं सिमेंट त्याने काढलं. धापा टाकत, थांबत थांबत, पण कणन् कण काढला. मऊ लेपाची नळी आणून फट भरली. ऊन आलं, मी सरकले, आणि दणदणीत 'ठक्' केलं. विल्फ दचकला नाही. भिंतीला टेकून उभा होता, टोपी सारखी करून आत गेला. तडकलेली काच त्याने बदलू म्हटलं, तर मेव्हिस म्हणाली, "राहू दे, काही गळत नाही." ती अजून तशीच आहे.

पुढच्या शनिवारी गंमत बघा. तीन वाजता विल्फ दारात येऊन उभा. टोपी हातात.

"मेव्हिस, बाहेर येतेस ना?"

"बघू. चहा पितेय."

"निळी यायची वेळ झालीय गं."

"येईल की. मला आज बसायचंय. आणि ढवळायचंय," असं म्हणून तिने कपात चमचा असा खणखणवला, की अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

मग ती गेली बाहेर. जाताना धुतलेले दोन टॉवेलही घेऊन गेली आणि दोरीवर टाकले. एकही पाखरू बुजलं नाही.

त्यानंतर चौदा वर्षं माझी चंगळ होती. लाल कुंडी परत आली. वसंतात टोमॅटोची रोपं, नाताळात गारेगार राहायला ठेवलेल्या बाटल्या, कारण थंडीत मी म्हणजे बर्फाची पेटी. शेजारणी यायच्या, म्हणायच्या, "किती उजेड आहे गं तुझ्याकडे!" आणि मी फुगायची, ऊन नसतानाही. शेवटच्या दोन उन्हाळ्यांत विल्फला ढाबळीपर्यंत चालवेना. मग वेताच्या खुर्चीत तो बसायचा, मांडीवर ते घड्याळ घेऊन. दाण्यांचा डबा घेऊन मेव्हिस बाहेर. पाखरू दिसलं की ती काचेतून ओरडायची, "विल्फ, हलू नकोस हं!" आणि तो हसायचा, हसता हसता खोकायचा, आणि खोकताना सगळा हलायचा.

एका मार्चमध्ये तो गेला. कबुतरं शर्यतीच्या क्लबातल्या लोकांनी नेली. ढाबळ काढून टाकली, तिथे आता नुसतं गवत आहे.

माझीही दशा झाली. छतावर शेवाळ आलं. पन्हाळीत पानं कुजली. दाराची मूठ निघाली, तिच्या जागी दोरी बांधलीय. खोकी, जुने कोट, मोडकी इस्त्री, सगळं माझ्यात आणून ठेवतात. पांढरी होते, आता पिवळट झालेय. कुणी पुसत नाही म्हणून मी रुसत नाही हो. मेव्हिस अठ्ठ्याऐंशी वर्षांची झालीय, ती काय काय पुसणार?

पण मला चैन पडत नाही, त्याचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात लोरेन आली होती. आईला आता जिना चढवत नाही, म्हणून मला पाडून तिथे विटांची पक्की, ऊबदार झोपायची खोली बांधायचीय. बरोबरच आहे तिचं. मी थंडीत गारठवते आणि उन्हाळ्यात भाजते, हे मलाही कळतं. "माणसं पुढच्या शनिवारी येतील, आई," ती म्हणाली. "मला त्या दिवशी सुट्टी असते." मेव्हिसने तिच्यापुढे चहा ठेवला.

लोरेनला एक गोष्ट ठाऊक नाही. दर शनिवारी तीन वाजता मेव्हिस काठी टेकत येते, खोकी बाजूला सारते आणि वेताच्या खुर्चीत बसते. दोन्ही हात मांडीवर. नजर दक्षिणेकडच्या आभाळात. तासभर हलत नाही. आता तिला कुणी सांगितलेलं नसतं, तरी हलत नाही. तिचं ते बसणं मोडू नये म्हणून मीही श्वास धरून ठेवते. पण प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक! ढग येतोच, आणि मी 'कट्' करते. तेव्हा ती हात वर करून ती तडकलेली काच थोपटते आणि म्हणते, "हल गं, हल. आता कुणी रागावणार नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी खोली असेल तर तिची पन्हाळ वर्षातून एकदा साफ करा, छतावरचं शेवाळ काढा, आणि भिंतीजवळची बोटभर फट कधी बुजवू नका. घरातल्या माणसांनाही तेवढी जागा ठेवा, त्यांनी मागायच्या आधी. आणि तुमच्यापैकी कुणाला लोरेन भेटली, तर माझा एक निरोप सांगा. माझं बोलणं तिला कळत नाही, तिला वाटतं जुनी खोली कुरकुरतेय. तिला सांगा, पाडायचं तर खुशाल पाड, माझी तक्रार नाही. सोमवारी माणसं पाठव, गुरुवारी पाठव, हवं तर रविवारी पहाटे पाठव.

फक्त शनिवारी नको.